देवाच्या माडाचा मंगळवार

आमच्या वाडीत चोवीस माड आहेत आणि पंचविसावा देवाचा. विहिरीच्या उत्तरेला, सगळ्यांत उंच. त्याच्या खोडावर माणसाच्या छातीच्या उंचीला गेरूचा पट्टा असतो आणि त्याचे नारळ उतरवले की पोत्यात भरून थेट देवळात जातात. ते आम्ही विकत नाही, घरातल्या वाटणालाही घेत नाही. रेवदंड्याच्या अलीकडच्या आमच्या आळीत ज्याची वाडी त्याचा एक माड देवाचा, हे कधीपासून चालत आलंय कोणालाच सांगता येणार नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाकघराच्या आधी तो माड दाखवला होता.

गेल्या वर्षापासून त्या माडाचे नारळ देवळात जात नाहीत. मी बंद केले. गावात त्याच्या तीन-चार कथा फिरतात. एकीत मी म्हातारपणी नास्तिक झाले आहे, दुसरीत माझे कोणीतरी कान भरलेत, तिसरीत मला नारळाची हाव सुटली आहे. बाकीच्यांच्या कथा ऐकून झाल्या असतील तर आता माझी ऐका.

बत्तीस वर्षं मी हायस्कुलात विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा ठरवलं की पेन्शनमधला एक भाग दर महिन्याला संस्थांना द्यायचा. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती, मुलगी लांब आणि तिचं बरं चाललेलं, माझा खर्च तो काय. मग मी झोपाळ्यावर बसून पत्रकं वाचायला लागले. आजारी मुलांसाठी काम करणारी मुंबईची एक संस्था घेतली, कारण तिचं कॅलेंडर सुंदर होतं. डोंगरातली एक शाळा घेतली, कारण तिथल्या मुलांनी हाताने रंगवलेलं कार्ड आलं. यजमानांच्या नावाने एक गोशाळा. एक वृद्धाश्रम, आणि तो का ते खरं सांगायचं तर आपल्यावरही वेळ आली तर ओळख असावी म्हणून. आणि अलिबागकडे भटक्या कुत्र्यांची नसबंदी करणारा एक चिडका माणूस, कारण त्याने देणगी मागताना एकदाही हसून दाखवलं नाही. बँकेत फॉर्म भरून दिले, महिन्याच्या महिन्याला रक्कम आपोआप जाऊ लागली.

वर्षाकाठी आभाराची पत्रं यायची. मी ती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावून ठेवायची आणि कोणी आलं की तो फोल्डर दिसेल असा टीपॉयवर असायचा. आजारी मुलांच्या संस्थेतली एक मुलगी दर महिन्याला फोन करून मला ‘मॅम’ म्हणायची आणि माझी तब्येत विचारायची. मला ते आवडायचं. यात लाजण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटत नव्हतं, आता वाटतं.

आता माड उतरवणाऱ्याबद्दल. आमचे माड वीस-बावीस वर्षं तोच उतरवत होता. पलीकडच्या पाड्यावर राहणारा, पन्नाशीला आलेला, बारीक अंगाचा, बोलायला कमी. आधी पायात काथ्याच्या दोरीचा फास घालून चढायचा. मग सरकारी प्रशिक्षणात त्याला चढायचं मशीन मिळालं. खोडाभोवती लोखंडी तारेचा वेढा बसतो, पाय पेडलमध्ये, आणि पाय घसरला तरी माणूस लटकतो, खाली येत नाही. ते मशीन खांद्यावर टाकून तो आळीतून जायचा तेव्हा त्याची चाल वेगळी असायची.

पण देवाच्या माडाला लोखंड लावत नाहीत. हा नियम. इतर माडांना पाय ठेवायला खाचा असतात, देवाच्या माडाला खाच पाडत नाहीत. मशीनचीही तार चालत नाही. म्हणजे चोवीस माड तो मशीनवर चढायचा आणि पंचविसाव्याला मशीन उतरवून पुन्हा जुनी दोरी पायात अडकवायचा. सगळ्यांत उंच, सगळ्यांत गुळगुळीत खोड, आणि तिथेच दोरी. गावातल्या एकालाही यात काही विचित्र वाटलं नाही. मलाही नाही, आणि मी मुलांना घर्षण शिकवत होते.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत एका सकाळी तो आला. खोडं दवाने ओलसर होती. चोवीस झाले. मी विहिरीपाशी पोती मोकळी करत होते. पाहिलं तर तो देवाच्या माडाला मशीनची तार गुंडाळत होता. माझ्याकडे पाठ होती त्याची.

मी म्हटलं, “अरे, देवाचा माड ना तो? काढ ते.”

तो वळून म्हणाला, “गुडघा धरलाय आज, बाई.”

आणि मी म्हटलं, “एकच तर माड आहे.”

त्याने तार सोडली, पायात दोरी घातली आणि चढला. झावळ्यांपर्यंत पोचला, एक घड खाली आला, दुसऱ्याच्या वेळी तो स्वतः आला. तो आवाज मी लिहिणार नाही. त्याच्या बायकोला बोलावून आणलं तेव्हा तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग जमिनीवर पडलेल्या मशीनकडे.

अलिबागला नेलं, तिथून मुंबईला. त्याची बायको मांडव्याहून बोटीने जा-ये करत होती, पोरीला शेजारणीकडे टाकून. पाठीचा कणा मोडला होता. कंबरेखालचं सगळं गेलं. दीड महिन्याने त्याला घरी आणून खाटेवर ठेवलं आणि तो छताकडे बघत राहिला.

देवस्थान कमिटीने तातडीने बैठक घेतली, हे त्यांचं मान्य केलं पाहिजे. देवाच्या माडाखाली माणूस पडला म्हणून शांत करायची ठरली. भटजी, होम, आळीला जेवण. त्याच्या घरी एक शाल, एक पाकीट आणि देवळातला नारळ गेला. पाकिटापेक्षा जेवणाला जास्त खर्च झाला हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मठ्ठा छान झाला होता आणि सगळे त्याबद्दल बोलत होते. मीही गेले होते त्या जेवणाला. पंगतीत बसले, वाढलं ते खाल्लं आणि घरी येऊन सगळं ओकले.

मी कोणालाच सांगितलं नव्हतं की मशीन काढायला मी लावलं. त्यानेही नाही.

मग मी फोल्डर उघडला. इतक्या संस्थांना मी इतकी वर्षं देते आहे, एखादी तरी उपयोगी पडेल. मुंबईच्या संस्थेतली मुलगी म्हणाली, मॅम, आम्ही फक्त मुलांसाठी काम करतो. बरोबरच होतं. शाळेने सहानुभूती कळवली. वृद्धाश्रमाने विचारलं, पेशंटचं वय काय, साठच्या खाली असेल तर नाही. गोशाळेला मी फोनच केला नाही. कुत्रेवाला म्हणाला, “माणसांचं मला कळत नाही, पण रोह्याकडे तीन बायका फिरतात, खाटेवरच्या लोकांकडे जातात. नंबर देतो.” आणि फोन ठेवला. हसला नाहीच.

त्या तिघींतली मुख्य बाई फिजिओथेरपिस्ट. चाळिशीची, केस कापलेले, एक जुनी जीप. मी तिला माझ्या घरी चहाला बोलावलं, तिने मला तिच्याबरोबर जीपमध्ये बसायला सांगितलं. त्या दिवशी तीन घरं पाहिली. एका घरात लकवा झालेली म्हातारी चार वर्षांत अंगणात आली नव्हती, तिला दोघींनी धरून उंबऱ्यापर्यंत आणलं. ती तिथे बसून रस्त्यावरच्या रिक्षा बघत होती आणि कोणाशी बोलायला तयार नव्हती, इतकी ती रमली. दुसरीकडे एका माणसाच्या सुनेला त्याची कूस कशी बदलायची ते शिकवलं. तिसरीकडे फक्त जखम धुतली. त्या जखमेत माझी मूठ मावली असती. एका कुशीवर पडून राहिलं की मांस कुजतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. वाचणं वेगळं असतं.

चौथं घर माझ्या सांगण्यावरून, त्याचं. माकडहाडापाशी कातडी काळी पडायला लागली होती. थेरपिस्टने बोट टेकवून पाहिलं आणि त्याच्या बायकोला बाहेर बोलावलं. म्हणाली, आठवड्याला यायला हवं. पंधरा दिवसांनी आलो तर प्रत्येक वेळी मागे गेलेलं असेल. ही जखम आत गेली तर हाडापर्यंत जाते आणि मग माणूस कण्याने जात नाही, जखमेने जातो.

“मग या ना आठवड्याला,” मी म्हटलं.

“तुमच्या बाजूला आम्ही महिन्यातून दोनदाच येतो. आणखी येणं परवडत नाही.”

मी लगेच पर्स उघडली. ती म्हणाली, “एकदाचे पैसे नकोत. एकदाचे सगळेच देतात. मी दर आठवड्याला यायला लागले आणि तीन महिन्यांनी बंद केलं तर त्याला जास्त त्रास. माणूस उमेद धरायला लागतो.”

मी तिला एक प्रश्न विचारला. तो प्रश्न मी आधीच, कॅलेंडर पाहून भुलण्याच्या वेळी, सगळ्यांना विचारायला हवा होता. “माझे पैसे एखाद्या महिन्यात आले नाहीत तर तुमचं काय बंद पडेल?”

तिने विचार केला. “मंगळवार,” ती म्हणाली. “मंगळवार मोकळा आहे. तुमचे आले तर मंगळवार तुमच्या बाजूला. नाही आले तर नाही.”

घरी येऊन मी हाच प्रश्न फोनवरून बाकीच्यांना विचारला. मुंबईच्या मुलीने सांगितलं की प्रत्येक रुपया मोलाचा आहे. शाळेने सांगितलं की आपला सहभाग प्रेरणादायी आहे. गोशाळेच्या माणसाने एक श्लोक म्हटला. कुत्रेवाला म्हणाला, “महिन्याला चार-पाच कुत्री राहतील.” त्याचे मी चालू ठेवले. बाकीचे सगळे बंद केले.

मुंबईच्या मुलीने विचारलं, मॅम, आमचं काही चुकलं का. तिचं काही चुकलं नव्हतं. ती मुलं खरी आजारी होती, शाळेतली मुलं खरी गरीब होती, गाईंनाही चारा लागतोच. मला कोणी कठोर म्हणालं तर म्हणू दे. जगातलं सगळं दुःख माझ्या पेन्शनमध्ये बसणार नाही, आणि त्यातलं कुठलं निवडायचं ते कॅलेंडर छापणाऱ्याने ठरवायचं नाही, मी ठरवायचं. तो फोल्डर मी बंबात घातला. थेरपिस्टकडे मी खाटेवरच्या त्या माणसाचा एक फोटो मागितला होता, जुन्या सवयीने. ती म्हणाली, “त्याला विचारा. तो हो म्हणाला तर काढा.” मी विचारलं नाही.

मंगळवार सुरू झाला. पेन्शनचा भाग पुरत होता, जेमतेम. आणि तेव्हा मी देवाच्या माडाकडे पाहायला लागले. त्याच्यावर कोणी चढायला तयार नव्हतं, पण सुकलेले नारळ पडत होते, मी गोळा करून ठेवत होते. ते विकून मंगळवारच्या डिझेलला द्यायचे, असं ठरवलं. खरं तर पैशाने ते थोडंच होतं. पण मला त्याच माडाचं द्यायचं होतं. ज्या माडाने त्याला पाडलं त्या माडाने त्याला उठवायला मदत करावी, एवढी साधी गोष्ट. आणि कमिटीला कळण्याआधी त्याला सांगावं म्हणून मी त्याच्या घरी गेले.

तो ऐकून घेऊन भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “मना नको ते.”

मी समजावलं. तो म्हणाला, “देवाचं काढून मना देता? आनखी पाप चढवता?” आणि पुढच्या मंगळवारी त्याने थेरपिस्टला अंगाला हात लावू दिला नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. काळ्या कातडीचं तोंड फुटलं होतं. माझ्या हट्टापायी तो मरेल की काय, असं मला वाटायला लागलं. मी घाबरले होते, खूप.

तिसऱ्या मंगळवारच्या सकाळी मी त्याच्या खाटेशी जाऊन बसले आणि म्हटलं, “मशीन मी काढायला लावलं. देवाने नाही. मी. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही.”

त्याने छतावरची नजर काढली नाही. मग म्हणाला, “तुमी बोलला ते नंतर. तार मी आधीच टेकवली व्हती. देवाच्या माडाला लोखंड लावलं मी. म्हनून पडलो.”

इतके महिने तो छताकडे बघत हा हिशेब मांडत होता. त्याच्या लेखी मी त्याला वाचवायला गेले होते आणि उशीर झाला होता. मी बत्तीस वर्षं शिकवलेलं विज्ञान डोक्यात आणलं, गुरुत्वाकर्षण, दव, गुडघा, आणि त्यातलं काही उपयोगी पडेना. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

बोलली ती त्याची बायको. ती चुलीपाशी पाणी तापवत होती, थेरपिस्टसाठी, तो नाही म्हणत असूनही दर मंगळवारी तापवायची. ती उठून आली.

“आनी कोयता?” ती म्हणाली. “तुझ्या कमरेला कोयता व्हता ना? दर बारीला मीच घासून देते. तो काय लाकडाचा हाय? वीस वर्सं त्या माडावर कोयता चालवलास, तवा देवाला लोखंड दिसलं न्हाय?”

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

“नारल कापायचं लोखंड चालतं. मानूस धरायचं चालत न्हाय. व्हय?” तिने पाण्याचा टोप खाली ठेवला. “देव येतो का तुझी कूस बदलाया? दर दोन तासानं मी बदलते. मी दमले. त्या बाया येतील तवा गपगुमान पालथा हो.”

जीपचा आवाज आला. थेरपिस्ट आत आली आणि दारात थांबली. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “बाई, तुमी भायेर बसा.” मी बाहेर बसले. त्या आत जखम धुवत होत्या आणि तो ओरडत होता, आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी ओसरीवर बसून पदराने डोळे पुसत हसले.

कमिटी माझ्याकडे आली ती त्यानंतर. चौघे. अध्यक्ष माझा विद्यार्थी, दहावीत विज्ञानात दोनदा अडकलेला, आता मुंबईकरांसाठी समुद्राकडेला पाच कॉटेज बांधून बसलाय. मला अजून ‘बाई’ म्हणतो आणि उभा राहून बोलतो, त्यामुळे भांडायला जरा अवघड जातं.

“बाई, माड देवाचा आहे,” तो म्हणाला. “तुमचा नाही.”

“सातबाऱ्यावर देवाचं नाव दाखव.”

“तसं नाही बाई. रीत आहे.”

“रीत काय आहे ते मला माहीत आहे. लोखंड चालत नाही. मग घड कापायला कोयता कसा चालतो रे? आणि देवळाला परवा नवं गेट बसवलंत, ते कशाचं आहे?” हे मी खाटेवरच्या माणसाच्या बायकोचं उसनं घेतलं होतं, पण कमिटीला ते सांगायची गरज नव्हती.

मग मी त्यांनाही सांगितलं, मशीन कोणी काढायला लावलं ते. अध्यक्षाला जरा जोर आला. “म्हणजे चूक तुमची आणि शिक्षा देवाला?”

“चूक माझी. म्हणून मी देते. त्या माडाचं जे येईल ते मंगळवारला जाईल, मी आहे तोवर. देवाला राग आला तर तो माझ्याकडे येईल, तुमच्या चौघांच्या मार्फत कशाला येईल?”

तो जरा नरमला. वाईट मुलगा नाही तो. म्हणाला, नव्या पायऱ्यांचं काम निघालंय, एका पायरीवर त्याचं नाव कोरू, देवाच्या कामात पडलेला म्हणून. फुकट, देणगी न घेता.

मी म्हटलं, “त्याला पायरी चढता येत नाही रे.”

चहा मी केला होता, तो त्यांनी घेतला. जाताना त्यातला सर्वांत म्हातारा म्हणाला, मग यंदा पालखी तुमच्या दारात थांबणार नाही.

आणि थांबली नाही. चैत्रातली आमची पालखी घरोघर थांबते. दारात रांगोळी असते, घरची बाई ओटी भरते. मी रांगोळी काढली होती, हट्टाने. ताम्हनात तांदूळ आणि त्याच माडाचा पडीचा नारळ घेऊन दारात उभी राहिले. ढोल जवळ आले, शेजारच्या दारात थांबले, आणि माझ्या दारावरून पुढे गेले. भोयांपैकी दोघांना मी शिकवलेलं होतं, ते मान खाली घालून चालत होते. रांगोळीवरून मात्र कोणी पाय दिला नाही, वळसा घालून गेले. मी दार लावून रडले. मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. सासूबाई असत्या तर त्यांना काय वाटलं असतं, याचा विचार मी अजून करते. पण मी हात जोडले ते दार लावल्यावर, आतून. देवाशी माझं भांडण नाही, हे मला सगळ्या गावाला ओरडून सांगावंसं वाटतं आणि मी सांगत नाही.

मंगळवार चालू राहिले. जखम पावसाळाभर चिघळत होती, मग भरायला लागली. त्याला फळीवरून घसरत खाटेवरून खुर्चीत जायला शिकवलं. पहिल्यांदा जमलं तेव्हा त्याने कोणाला सांगितलं नाही. बायको पाणी घेऊन परत आली तर खाट रिकामी, हा दारात खुर्चीवर बसलेला. आमच्या बाजूची आणखी सहा घरं त्या मंगळवारात आली आहेत. आळीतल्या दोघी माझ्याकडे येऊन हळूच विचारून गेल्या, थेरपिस्टला महिन्याला देता येतील का, पण नाव नको. एकीच्या घरात कमिटीचा माणूस आहे. मी म्हटलं, नाव कोणीच विचारत नाही तिथे.

या थंडीत मी चौलकडच्या एका चढणाऱ्याला बोलावलं. मंगळवार होता. थेरपिस्ट म्हणाली, त्याला खुर्चीतून वाडीत आणून बघू, खडबडीत वाटेवर चाकं चालवायचा सराव होईल. मला ते नको होतं. त्या विहिरीपाशी, त्या माडाखाली त्याने पुन्हा यावं हे मला सोसणार नव्हतं. पण त्याने स्वतःच चाकं धरली आणि सुपारीच्या रांगांमधून अडखळत, बायकोवर खेकसत तो आला. विहिरीच्या सावलीत खुर्ची लावून बसला आणि चौलवाल्याच्या चढण्यातल्या चुका काढत राहिला. उलटा पाय टाकतोय. घाई करतोय. त्याचा आवाज असा भरलेला मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

चोवीस माड झाले. चौलवाला घाम पुसत देवाच्या माडापाशी आला, गेरूचा पट्टा बघितला आणि थांबला. तो याच किनाऱ्याचा, त्याला सांगावं लागत नाही. त्याने खांद्यावरचं मशीन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“बाई, मशीन काढूनच चढू ना?”

मी तोंड उघडलं. दोन वर्षं मी या प्रश्नाच्या उत्तराची तयारी केली होती.

“लाव,” मागून तो म्हणाला. मी वळले. त्याची नजर माडाच्या शेंड्यावर होती आणि दोन्ही हात चाकांवर घट्ट. “लाव मशीन. तार गेरूच्या वर आवळ, ओढून बघ. आनी सावकाश जा. घाई कशाला? एकच तर माड हाय.”

चौलवाल्याने तार गुंडाळली, ओढून बघितली आणि पेडलवर पाय ठेवला. तो वर जाऊन खाली उतरेपर्यंत आम्ही सगळे मान वर करून बघत होतो.